जुन्या कॅथलिक शाळेत डिजिटल फळे बसवताना

मुंबईतील कित्येक कॅथलिक शाळा दीडशे वर्षांच्या घरात आहेत. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालची, तर फोर्टमधील सेंट झेवियर्स १८६९ सालची. अशा शाळेने डिजिटल फळे घ्यायचे ठरवले, की बहुधा सर्वांत आधी विक्रेत्याला बोलावले जाते. वास्तविक त्याची पाळी शेवटी यायला हवी.

आधी इमारतीची कागदपत्रे काढावीत. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, मुंबईत बंधनकारक आहे. तो अहवाल जुना झाला असेल तर नवा करून घ्यावा. इमारत वारसा यादीत असल्यास दर्शनी भागावर केबल किंवा एसीचे यंत्र लावण्यापूर्वी महापालिकेकडे विचारणा करावी.

त्यानंतर भिंत निवडावी. डिजिटल फळ्याच्या पंचाहत्तर इंची पॅनेलचे वजन पन्नास किलोच्या आसपास भरते, त्यामुळे मागाहून घातलेल्या पातळ विटांच्या किंवा प्लायच्या आडभिंतीवर ते टांगू नये. दगडी भिंत वजन सहज पेलते, पण वायफाय अडवते. म्हणून प्रत्येक वर्गापर्यंत केबल न्यावी आणि एका सलग केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. ओल कुठे येते हे मे महिन्यात कळत नाही. भिंत जुलैत पाहावी आणि काम पुढच्या उन्हाळी सुट्टीत उरकावे.

उजेडाचा प्रश्न याहून चिवट आहे. जुन्या वर्गांच्या उंच खिडक्या वाऱ्यासाठी काढलेल्या असतात आणि नेमका त्यांचाच प्रकाश काचेवर चमकतो. विक्रेत्याकडून एक पॅनेल दिवसभरासाठी मागवावे, ते स्टँडवर उभे करावे आणि सकाळच्या व दुपारच्या सत्रात खिडकीलगतच्या शेवटच्या बाकावर बसून त्यावरील बारीक अक्षर वाचून पाहावे. तिरीप येत असेल तर जाड पडदे लावून वर्ग कोंदट करण्यापेक्षा फळ्याची भिंत बदललेली बरी. खडूचा फळा मात्र काढू नये. वीज गेल्यावर तोच उपयोगी पडतो.

वायरिंगबाबत काटकसर नको. मंजूर लोड (वीज कंपनीने शाळेला मंजूर केलेला विजेचा भार) तपासावा, फळ्यांसाठी स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा खटका) व अर्थिंग घ्यावे.

आता निर्णय कोणाचा, हे. धर्मग्रामाच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या, पॅरिशच्या) शाळेत प्रमुख धर्मगुरू हे सहसा व्यवस्थापक असतात, रोजचा कारभार मुख्याध्यापक पाहतात आणि फादर-सिस्टर यांच्या बदल्या ठरलेल्याच असतात. म्हणून पैसा कुठून आला, दुरुस्तीचा वार्षिक करार कधी संपतो, पासवर्ड कोणाकडे आहेत, हे शालेय समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावे. एरवी नव्या व्यवस्थापकांच्या हाती केवळ बिले येतात. शिक्षकांना खरेदीपूर्वीच विश्वासात घ्यावे. गणिताच्या बाईंना भूमितीची आकृती फळ्यावर हाताने काढता येते का, हे त्यांनी स्वतः करून पाहिल्याशिवाय मागणीपत्रावर सही करू नये.