आखाजीच्या संध्याकाळी मुलांची घरगुती पार्टी कशी करावी

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय्य तृतीया (वैशाख शुद्ध तृतीया), एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पूर्वार्धात येते. लेकी माहेरी आलेल्या असतात, भाचरांनी घर भरलेले असते आणि जळगाव-भुसावळकडे पारा अनेकदा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे मुलांसाठी घरी पार्टी ठेवताना आधी उन्हाचा विचार करावा, मग पदार्थ ठरवावेत.

वेळ आणि पाहुणे

सणाच्या दिवशी सकाळी घागर भरणे, पितरांचा नैवेद्य आणि आगारी (पितरांसाठी अग्नीत घास टाकणे) यांत घरातील बायकांना उसंत नसते, आणि दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. म्हणून मुलांना साडेपाचला बोलवावे आणि आठपर्यंत सगळे आटोपावे. आपली भाचरे आणि शेजारची मिळून बारा मुले पुरेत. त्याहून जास्त झाली तर झोक्याची पाळी येईपर्यंत भांडणे सुरू होतात. बोलावतानाच कोणाला शेंगदाणा, दूध किंवा आणखी काही चालत नाही, हे आईवडिलांना विचारून घ्यावे, कारण आपल्या स्वयंपाकात शेंगदाण्याचा कूट कशात पडेल याचा नेम नसतो. मोठ्यांचा पत्त्यांचा डाव रंगणारच असेल, तर तो मागच्या खोलीत बसवावा. ओसरी त्या दिवशी मुलांची.

सांजोऱ्या

खापरावरची पुरणपोळी हे आखाजीचे खरे वैभव असले, तरी हातावर पोळी वाढवून उलट्या खापरावर टाकणे हे वर्षानुवर्षे मुरलेल्या हाताचे काम आहे, त्यामुळे ती दुपारच्या जेवणापुरतीच ठेवावी. मुलांच्या पंगतीला सांजोरी सोयीची, कारण ती एका हातात मावते, सांडत नाही आणि आदल्या संध्याकाळी करून ठेवता येते.

विसेक लहान सांजोऱ्यांसाठी (बारा मुलांना खायला आणि घरी न्यायला याच्या दुप्पट प्रमाण घ्यावे) एक वाटी बारीक रवा दोन मोठे चमचे तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा. दीड वाटी पाण्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ विरघळवून, गाळून, उकळी आणावी आणि ते पाणी बेताबेताने रव्यात ओतून झाकण ठेवून वाफ काढावी. वेलची व जायफळ घालून सांजा पूर्ण गार होऊ द्यावा. कोमट सांजा भरला तर पारी ओलसर होऊन तळताना फुटते, आणि बहुतेकांचे बिघडते ते इथेच. पारीसाठी एक वाटी मैदा, एक वाटी बारीक रवा, दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन आणि चिमूटभर मीठ घेऊन घट्ट पीठ भिजवावे व अर्धा तास झाकून ठेवावे. त्याच्या लिंबाएवढ्या गोळ्यांत सांजा भरून, कडा नीट मिटवून, जाडसर लाटून मध्यम आचेवर तळाव्यात. भरण्याचे व लाटण्याचे काम सहा-सात वर्षांच्या मुलांना जरूर द्यावे, त्यांच्या वेड्यावाकड्या सांजोऱ्या त्यांनाच वाढाव्यात. कढईजवळ मात्र एकाही मुलाने येता कामा नये.

रस, पुऱ्या आणि कुरडया

बारा मुलांना तीन किलो रसाचे आंबे पुरतात. ते धुऊन तासभर गार पाण्यात ठेवावेत, मग हाताने माचून रस काढावा, त्यात चिमूटभर मीठ घालावे, आणि दूध घालण्याचा मोह आवरावा, कारण या उन्हात दूध घातलेला रस लवकर नासतो. रस आयत्या वेळी काढून पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवावे व दोन तासांत संपवावा. सोबत लहान पुऱ्या आणि हळद-जिऱ्याची बटाट्याची सुकी भाजी करावी. काळा मसाला एक दिवस बाजूला राहिला तर बिघडत नाही. कुरडया आणि पापड मुले यायच्या आधीच तळून डब्यात भरावेत, म्हणजे त्या वेळी कढई पेटलेली नसेल. ज्या कुरडयांचा चीक मुलांनी महिन्यापूर्वी वाटीवाटीने खाल्लेला असतो, त्याच त्या दिवशी सर्वांत आधी संपतात.

पिण्यासाठी उकडलेल्या कैरीच्या एका वाटी गराला दीड वाटी गूळ, मीठ आणि जिरेपूड घालून पन्हे करावे व त्यात माठातले पाणी घालावे. बाजारचा बर्फ टाळावा. पन्हे मुले येताच द्यावे, जेवणाची वाट पाहू नये.

झोका

आखाजीला झोका नसेल तर मुलांना पार्टी झाल्यासारखे वाटणारच नाही, आणि सर्वांत जास्त लक्षही इथेच द्यावे लागते. कडुनिंबाची जिवंत, मोठ्या माणसाच्या मांडीएवढी जाड फांदी निवडावी. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असल्याने त्याला झोका कधीही बांधू नये. फांदीवर गोणपाट गुंडाळून त्यावर जाड दोर बांधावा, म्हणजे घासून तो झिजत नाही. बैठक मुलाच्या गुडघ्याइतक्या उंचीवर ठेवावी, खाली भुसभुशीत माती किंवा वाळू पसरावी, आणि ओटा, दगड, विहिरीचा कठडा झोक्याच्या टप्प्यात नाही ना, हे पाहावे. मुलांआधी घरातल्या एखाद्या वजनदार मामाने त्यावर बसून पाच मिनिटे झोका घ्यावा. प्रत्येकाला वीस झोके, आणि मोजणार पुढच्या पाळीचा मुलगा किंवा मुलगी, असा नियम केला की वाद मिटतो.

झोका जेवणाआधी ठेवावा. पोटभर रसावर झोका घेतला की काय होते, हे एकदा आमच्या अंगणात पाहिले आहे. जेवणानंतर सागरगोटे, चिंचोके किंवा गेरू-चुन्याने मातीची लहान मडकी रंगवणे असे बसून करायचे खेळ द्यावेत. रसाचे डाग सहज निघत नाहीत, म्हणून मुलांना जुने कपडे घालून पाठवण्याचा निरोप आदल्या दिवशीच द्यावा. निघताना रंगवलेले मडके आणि कागदात बांधलेल्या दोन सांजोऱ्या प्रत्येकाच्या हातात द्याव्यात, आणि अंधार पडल्यावर दोर फांदीवर उंच गुंडाळून ठेवावा, नाहीतर पहाटे कोणी उठण्याआधीच मुले झोक्यावर जाऊन बसतील.