स्नोक्वाल्मीच्या बोगद्यात शिरण्याआधी या चुका टाळा

सिएटलमध्ये कुणाचे आईवडील आले की हमखास फोन येतो, "अरे, तो स्नोक्वाल्मीचा जुना रेल्वेचा बोगदा दाखवतोस का?" मी हौसेने जातो आणि दर वेळी तेच बघतो.

पहिली चूक म्हणजे "मोबाइलचा टॉर्च आहे की!" बोगदा ३.६ किलोमीटर लांब आणि आत एकही दिवा नाही. मिलवॉकी रोड नावाच्या रेल्वे कंपनीच्या गाड्या १९१५ पासून इथून धावत. १९८० मध्ये कंपनीने हा मार्ग सोडला आणि मागे राहिली ती खडीची वाट. एका जुलैत आम्ही नऊ जण गेलो. मोबाइल तीन, आणि ज्यावर उजेड त्यावरच व्हिडिओ. निम्म्या वाटेत दोन मोबाइल झोपले. सँडल घालून आलेल्या एका काकूंचा पाय डबक्यात गेला आणि मुरगळला. मागे पावणेदोन किलोमीटर, पुढेही जवळजवळ तेवढेच, मधे कुठे दार नाही. शेवटी माझ्या एकट्याच्या हेडलॅम्पमागे सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. काकू "झुकझुक गाडी" म्हणून हसत होत्या, त्यांचा मुलगा मात्र माझ्यावरच वैतागला होता. दिवे आणा म्हणून त्याला आदल्या दिवशी दोनदा मेसेज केला होता!

तेव्हापासून बोगद्याच्या अलीकडच्या तोंडाजवळ, हायाकच्या पार्किंगमध्येच मी प्रत्येकाचा दिवा पेटवून बघतो. माणशी एक. नवराबायकोत एक चालत नाही. माझ्या पिशवीत एक जास्तीचा असतो, पण ते मी सांगत नाही. सांगितलं की कुणी आणत नाही.

दुसरी चूक उतावळ्यांची. लांबवर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला की "आलंच!" म्हणत पोरं पळत सुटतात. तो ठिपका वीस मिनिटं चाललात तरी तेवढाच दिसतो. त्याच्याकडे बघू नका, पायाखाली बघा. मी तर पाऊण तास तिकडे नजरच नेत नाही, गप्पा मारतो.

बाहेर ऊन म्हणून टीशर्टवर येऊ नका. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, वारा सुटतो, छत ठिबकतं. बूट बंद हवेत.

सायकलवाले येतात, एका कडेने चाला. बोलताना दिवा समोरच्याच्या डोळ्यांत मारू नका. पार्किंगला डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या उद्यानांत गाडी लावायचा परवाना, लागतो.

१ नोव्हेंबर ते १ मे बोगदा बंद असतो, छतावरून बर्फाचे सुळे कोसळतात म्हणून. तरी दर मार्चला कुणीतरी विचारतंच, "फटीतून जाता येईल का?"

आणि खाणं पलीकडच्या तोंडाशी एकदम संपवू नका. गाडी अलीकडे आहे, तेवढंच अंतर परत अंधारातून यायचंय. मी दशम्या दोन डब्यांत भरतो आणि दुसरा डबा गाडीपाशी आल्यावरच उघडतो.