ओपन फ्रॅक्चरच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय करावे

पावसाळ्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर दुचाकी घसरून कोणाचा पाय मोडला, की जमलेल्या माणसांपैकी एकजण हमखास पाण्याची बाटली पुढे करतो आणि आधी जखम धुऊन घ्या म्हणतो. साध्या खरचटण्यासाठी हा सल्ला उत्तम आहे. मात्र हाड मोडून त्याच ठिकाणची त्वचाही फाटली असेल, म्हणजे डॉक्टर ज्याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात ते झाले असेल, तर रस्त्यावर ओतलेल्या पाण्याबरोबर वरची माती हाडाच्या टोकांपर्यंत आत जाऊ शकते. या जखमेची खरी स्वच्छता भूल देऊन शस्त्रक्रियागृहातच होते; तोवर आत आणखी घाण जाऊ न देणे आणि रुग्णाला लवकर तिथे पोहोचवणे, हे आपले काम.

आधी ओळखावे. हाड बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. नडगीवर मांसाचे आवरण फार कमी असते, त्यामुळे मोडलेले टोक आतून त्वचा भेदून बाहेर येते आणि पाय हलताच पुन्हा आत जाते. मागे राहते ते केवळ लहानसे छिद्र. म्हणून पाय वाकडा दिसत असेल किंवा त्यावर भार घेता येत नसेल आणि जवळपास कितीही लहान जखम असेल, तर ते ओपन फ्रॅक्चरच आहे असे धरून चालावे.

रुग्ण रहदारीत असेल तर वाहने थांबवावीत आणि १०८ वर फोन करताना जवळचा पूल, सिग्नल किंवा नाका स्पष्ट सांगावा. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने मागे हटण्याचे कारण नाही, कारण मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने आलेले कलम १३४अ सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देते आणि स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाब द्यावा; हाड बाहेर आले असेल तर त्यावर न दाबता दोन्ही बाजूंनी दाबावे. ते आत ढकलू नये, आणि पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. वर सुटा पडलेला खडा किंवा पान अलगद उचलावे, रुतलेले काही उपसू नये. झाकण्यापूर्वी मोबाइलवर जखमेचा एक फोटो काढून ठेवावा. हे विचित्र वाटेल, पण प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवण्यासाठी पट्टी पुन्हा पुन्हा उघडली, तर दर वेळी जंतूंना वाट मिळते. फोटो असला की ते टळते.

मग जवळच्या औषधाच्या दुकानातून निर्जंतुक गॉझ (जाळीदार कापडी पट्टी) आणि नॉर्मल सलाइनची, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याची, बाटली आणून, सलाइनमध्ये भिजवलेले गॉझ जखमेवर ठेवावे आणि वरून सैलसर पट्टी बांधावी. ते न मिळाल्यास धुतलेली ओढणी किंवा मोठा रुमाल चालतो. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत चिकटून राहतात. हळद, चहाची किंवा कॉफीची पूड, राख, डेटॉल यांतले काहीही आत घालू नये. हळदीवर आपला जीव आहे हे मान्य, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि नंतर ती पूड जखमेतून खरवडून काढण्याचे काम सर्जनच्या माथी येते.

पाय आहे त्या स्थितीतच पुठ्ठा, वर्तमानपत्राची जाड घडी किंवा मिटलेली छत्री लावून बांधावा. वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे स्थिर झाले पाहिजेत. बोटे गार किंवा निळसर पडू लागली तर बांधणी सैल करावी. पुढे भूल द्यायची असल्याने चहा-पाणी देऊ नये. अशा रुग्णाला हाडवैद्याकडे नेऊ नये, तर जिथे रात्रंदिवस अस्थिशस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयात न्यावे. ठाण्यात वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे.

तिथे पोहोचताच अँटिबायोटिकची पहिली मात्रा दिली का, हे नम्रपणे पण आवर्जून विचारावे, कारण ती शक्यतो दुखापतीनंतर तासाभरात मिळणे संसर्ग रोखण्यासाठी फार महत्त्वाचे असते. औषधांची ॲलर्जी, मधुमेह आणि धनुर्वाताची शेवटची लस केव्हा घेतली होती, हेही त्याच वेळी सांगावे.

१८६५ साली ग्लासगोत जोसेफ लिस्टर या सर्जनने गाडीच्या चाकाखाली पाय सापडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या अशाच जखमेवर कार्बोलिक आम्ल या जंतुनाशकाच्या पट्ट्या बांधल्या आणि त्याचा पाय वाचला. त्या काळी अशा रुग्णांचा पाय अनेकदा कापावाच लागे. आज मात्र जखमेत जहाल रसायन ओतत नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २,४०० रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत शस्त्रक्रियागृहात जखम धुण्यासाठी साबणाच्या द्रावणापेक्षा साधे सलाइन सरस ठरले आणि जोरदार फवाऱ्याचाही वेगळा फायदा दिसला नाही. जखमेच्या तीव्रतेनुसार साधारण ३, ६ किंवा ९ लिटर सलाइन वापरण्याची पद्धत आहे. तरीही धुण्याइतकेच, किंबहुना त्याहून महत्त्वाचे आहे ते मेलेले मांस आणि हाडाचे सुटे निर्जीव तुकडे काढून टाकणे, म्हणजे डिब्रीडमेंट. ज्या ऊतींना रक्तपुरवठा नाही तिथे अँटिबायोटिक पोहोचत नाही आणि जंतू तिथेच घर करतात. शस्त्रक्रिया सहा तासांच्या आतच झाली पाहिजे, हा जुना नियम आता तितका काटेकोर मानला जात नाही. पण जखमेत नाल्याचे किंवा गटाराचे पाणी गेले असेल तर थांबता येत नाही, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना न विसरता सांगावी.

घरी आल्यावर सांगितल्या दिवशीच ड्रेसिंग करून घ्यावे, पट्टी भिजू देऊ नये, साखर आटोक्यात ठेवावी आणि विडी, तंबाखू, मशेरी बंद करावी, कारण त्यांमुळे हाड उशिरा जुळते. ताप, वाढता ठणका, दुर्गंधी किंवा स्राव दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हाडातला संसर्ग कधी कधी कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो. जुन्या व्रणाजवळ लहानसे छिद्र पडून त्यातून पू येत राहिला, तर गळू समजून मलम लावत न बसता शस्त्रक्रियेचे कागद आणि एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.