स्क्रू आवळला की घोडा अडायचा

चकमकीच्या रायफलचं लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, लाकडी दस्त्यात बसलं आणि मी खूश झालो. लॉक नुसतं हातात धरलं तर घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा हातोडा, खटकन पडायचा. पण दस्त्याच्या पलीकडच्या बाजूपट्टीतून येणारे दोन्ही स्क्रू आवळले की तोच घोडा पेंगुळल्यासारखा खाली यायचा.

पहिला संशय स्प्रिंगवर घेतला. उगाच. स्क्रू पाव फेरा ढिला केला की घोडा मोकळा, म्हणजे आत कुठेतरी लाकूड लागत होतं.

दिव्याची काजळी तेलात कालवून लॉकच्या आतल्या भागांवर पातळ फासली. लॉक बसवलं, स्क्रू आवळले, घोडा हळूच चढवून उतरवला, परत काढलं. लाकडातल्या खाचेच्या तळाशी, टंबलर (घोड्याला जोडलेला आतला भाग) फिरतो तिथे, तिळाएवढा काळा ठिपका! पातळ पटाशीने कागदाएवढी ढलपी काढली. असं चार वेळा. हावरटपणे कोरत सुटायचं नाही. लॉकची पट्टी कडेने लाकडावर टेकलीच पाहिजे आणि रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, वाटी नळीला बिनफटीची भिडली पाहिजे, नाहीतर दारू फटीत शिरते.

तरी मागचा स्क्रू तिरकाच जात होता. बाजूपट्टीची भोकं मी हौसेने आधीच पाडून ठेवली होती. खरं तर भोक लॉककडून लाकडात आरपार न्यायचं आणि ते बाहेर निघेल तिथे पट्टी जुळवायची. शेवटी गोल कानशीने पट्टीचं भोक जरा लांबट केलं. स्क्रूच्या डोक्याखाली झाकलं जातं, कुणाला दिसत नाही. मला दिसतं.