आरोपी जेलमधून बाहेर येणार असेल तर पीडित कुटुंबाने काय काय करून ठेवायचं

शिक्षा झाली की विषय संपला असं बऱ्याच घरांना वाटतं, आणि मग एक दिवस शेजारचं कोणीतरी सांगतं की अरे तो परवा एसटी स्टँडवर दिसला. तुम्हाला कोणी फोन करून कळवेल या भरवशावर राहू नका, आपलं नाव आपणच ठिकठिकाणी कागदावर लावून ठेवायचं.

केस चालू असेल म्हणजे आरोपी अजून कच्चा कैदी असेल तर तो जामिनावर येतो. एफआयआरच्या कॉपीसोबत केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर वकिलाकडून किंवा कोर्टातून घेऊन ठेवा आणि ई-कोर्ट्स ॲपवर टाकून तारखा बघत जा. पण जामिनाच्या अर्जाला कधीकधी वेगळा नंबर पडतो, म्हणून आरोपीच्या नावानेही शोधायचं. सरकारी वकिलांना भेटून लेखी द्या की आम्हाला जामिनाला विरोध करायचाय. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलंय की पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत म्हणणं मांडायचा हक्क आहे. ॲट्रॉसिटीची केस असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम, कलम १५अ प्रमाणे जामीन, पॅरोल, सुटका अशा सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळायलाच पाहिजे.

शिक्षा लागलेल्या कैद्याचं वेगळं. तो फर्लोवर किंवा पॅरोलवर, म्हणजे जेलमधून ठराविक दिवसांच्या रजेवर येतो, नाहीतर शिक्षेत माफी मिळून कायमचा सुटतो. सरकारी पत्रात फर्लोला संचित रजा आणि पॅरोलला अभिवचन रजा लिहितात, आपण जो हरकतीचा अर्ज देणार त्यात दोन्ही शब्द टाका म्हणजे क्लार्कला शोधाशोध नको. कैद्याच्या रजेच्या अर्जावर पोलिसांचा रिपोर्ट मागवतात, तो सहसा कैदी जिथे राहायला येणार तिथल्या ठाण्याचा. समजा तो मावशीच्या गावचा पत्ता देऊन बाहेर आला तर तुमच्या ठाण्याला पत्ताच नसतो! म्हणून आपला अर्ज फक्त आपल्या ठाण्यात देऊन थांबायचं नाही, एक कारागृह अधीक्षकांना पण पाठवायचा. येरवडा, नाशिकरोड, नागपूर, कळंबा, कुठे ठेवलंय ते आधी सरकारी वकिलांकडून कळून घ्या, कैद्यांची बदली होत असते.

अर्ज साधाच लिहा. "गुन्हा क्र. अमुक, पोलीस ठाणे तमुक, मी यातील फिर्यादी आहे. सदर बंद्यास संचित किंवा अभिवचन रजा मंजूर करण्यापूर्वी माझे म्हणणे विचारात घ्यावे व सोडल्यास मला कळवावे." खाली मोबाईल नंबर. नुसतं "आम्हाला भीती वाटते" लिहिलं तर त्याला वजन राहत नाही, कोणी कधी काय धमकी दिली, कोणाच्या फोनवरून, ते तारखेसकट लिहा, तेव्हा एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार नोंदवली असेल तर तिचा नंबर टाका. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर आवक नंबर, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, साहेब नाहीत, उद्या या, असं ऐकायला मिळेल, तर मग स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा.

माफीवर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायचं. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली असेल तर कायद्याने किमान १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात, पण चौदा झाली की आपोआप सुटला असं नसतं, सरकारने निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय चुकीचा असेल तर कोर्टात जाता येतं. गुजरातच्या २००२ च्या दंगलीतल्या बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरणातले ११ जण गुजरात सरकारने माफी दिल्याने १५ ऑगस्ट २०२२ ला सुटले होते, ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे गुजरात सरकारला तो अधिकारच नव्हता असं कोर्टाने म्हटलं.

आता पैशांचं, कारण दवाखान्याचा खर्च कोणासाठी थांबत नाही. नुकसानभरपाईसाठी जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा, तालुक्याला समिती असते, फोनवर विचारायचं तर १५१००. शिक्षा लागेपर्यंत थांबायची गरज नाही. आरोपी सापडलाच नाही तरी अर्ज करता येतो आणि तो निर्दोष सुटला तरी खटला चालवणारं कोर्ट भरपाईची शिफारस करू शकतं. चौकशी दोन महिन्यांत संपवायची असं कायदा म्हणतो, तातडीची अंतरिम मदतही मागता येते, अर्जात तसं वेगळं लिहा. बलात्कार, पोक्सो म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला असेल तर पीडितांना मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना आहे, तिचंही काम विधी सेवावालेच बघतात. एफआयआर, मेडिकल कागद, आधार, बँक पासबुक, बिलं, सगळ्याच्या झेरॉक्स एका फाईलला लावा. बायका, मुलं, एससी-एसटी यांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, त्यामुळे कोर्टाबाहेरच्या एजंटला एक रुपया द्यायचा नाही.

आणि रजेवर आलेला माणूस घराभोवती घिरट्या घालायला लागला तर लगेच ११२. मग ठाण्यात लेखी तक्रार आणि त्याचीच कॉपी त्याच दिवशी कारागृह अधीक्षकांना, कारण अटी मोडल्या तर रजा रद्द होऊ शकते. साक्ष अजून व्हायची असेल तर सरकारी वकिलांमार्फत साक्षीदार संरक्षणाचा अर्जही लगेच टाका, त्यावर जिल्हा न्यायाधीशांची समिती निर्णय घेते.