घरात मोठ्याने वाचून कसं दाखवावं

अक्षरं जुळवायला मूल शाळेत शिकतं. वाचायची ओढ मात्र बहुधा घरात लागते, आणि तीही अक्षरओळखीच्या कितीतरी आधी. म्हणून दीड-दोन वर्षांपासूनच वाचून दाखवायला सुरुवात करावी.

वेळ ठरलेली असू द्या. रात्रीच्या जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. मुलाला समोर न बसवता शेजारी किंवा मांडीवर घ्या, म्हणजे चित्रं आणि ओळी दोघांना एकाच बाजूने दिसतात. आधी मुखपृष्ठ पाहू द्या, पुस्तकाचं नाव, लेखक आणि चित्रकार सांगा, मग वाचा. बोलण्याच्या वेगापेक्षा थोडं सावकाश वाचा आणि पान उलटण्याआधी चित्रावर नजर फिरवायला वेळ द्या. मध्ये थांबायचं ते फार तर दोनदा, ‘आता काय होईल?’ एवढंच विचारायला. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ हा प्रश्न टाळाच. त्याने गोष्टीची तोंडी परीक्षा होते आणि मूल दुसऱ्या दिवशी जवळ येत नाही.

तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं तर कंटाळा न करता वाचा. चौथ्या-पाचव्या वेळी ओळीतला शेवटचा शब्द गाळून थांबा, मूल तो भरतं. इथेच त्याला पुस्तकी वाक्यांची सवय होते. ‘तेवढ्यात’, ‘जरी... तरी’, ‘त्याखेरीज’ असे शब्द घरच्या बोलण्यात क्वचितच येतात, आणि पुढे गणितातली शाब्दिक उदाहरणं अडतात ती अनेकदा अशाच शब्दांपाशी. घरी मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलत असाल तर पुस्तकातला शब्द वाचून लगेच घरचा शब्द सांगा आणि पुढे चला.

स्वतः वाचायला लागल्यावर मूल कुठे अडखळतं याची कारणं बरीचशी लिपीतच आहेत. ‘कि’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’मधला र उच्चारात य-च्या आधी येतो, पण लिहिताना रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो. शिवाय हाच र ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांत आणखी तीन रूपं घेतो. ‘द्य’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांत मूळ अक्षरं चटकन ओळखूही येत नाहीत. त्यामुळे पहिली पुस्तकं निवडताना पानावर दोन-तीनच ओळी, ठळक मोठा टाइप आणि मोजकी जोडाक्षरं आहेत का ते पाहा. पुढच्या पुस्तकांसाठी बोटांची चाचणी सोपी आहे. मधलंच एखादं पान उघडून मुलाला वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं.

शब्द अडला की लगेच सांगू नका. मनात पाच आकडे मोजा, तरी जमलं नाही तर शब्द सांगून मोकळे व्हा. ‘घर’ऐवजी ‘घरी’ वाचलं आणि अर्थ बिघडत नसेल तर टोकू नका. प्रत्येक चुकीला अडवलं की मुलाचं लक्ष गोष्टीवरून उडून तुमच्या चेहऱ्याकडे लागतं.

सर्वांत मोठी गफलत पहिली-दुसरीत होते. ‘आता तुला येतं ना, तूच वाच’ म्हणून पालक वाचून दाखवणं बंद करतात. पण त्या वयात ऐकून कळणाऱ्या गोष्टी स्वतः वाचता येणाऱ्या गोष्टींपेक्षा बऱ्याच पुढच्या असतात. पाच-सहा वाक्यांच्या पुस्तकांवरच भागवावं लागलं तर हुशार मूल लवकर कंटाळतं. निदान चौथीपर्यंत रोज एखादं प्रकरण वाचत राहा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तर मराठी पुस्तकी भाषा ऐकायला मिळण्याची हीच मुख्य जागा असते.

पुस्तकं शोकेसमध्ये कुलूपबंद ठेवू नका. मुलाच्या हाताच्या उंचीवर दोरी बांधून आठ-दहा पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी लटकवा किंवा फळीवर टेकवून ठेवा, आणि पंधरवड्याने बदला. नुसता कणा दिसणाऱ्या पुस्तकाला लहान मूल सहसा हात लावत नाही. पाने फाटतील, चिकटपट्टी जवळ ठेवा. पुस्तकामागे पैसे किंवा चॉकलेट देण्याची पद्धत सुरू करू नये, मुलं सरळ सगळ्यांत बारीक पुस्तक उचलतात.

रोज नवं विकत घ्यायची गरज नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी चार पातळ्यांत मोफत आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही ऑनलाइन वाचता येतात. लहानांसाठी हे फोनवर न दाखवता शक्यतो छापून घ्या. आणि वाचनालयात गेल्यावर एक पुस्तक तुमच्या पसंतीचं असेल तर दोन मुलाच्या पसंतीची घ्या, मग ती क्रिकेटवरची असोत, भुताची असोत की नुसती विनोदांची.