व्हीएम परत आणायचीये की फक्त एक फाइल? रिस्टोअरला हात लावायच्या आधी वाचा

भोसरीत गुरुवारी बऱ्याच कारखान्यांना सुट्टी असते, त्यामुळे आमच्यासारख्या सर्व्हर बघणाऱ्यांची कामं त्याच दिवशी लागतात. पण फाइल उडायची ती कधी गुरुवारी उडत नाही. ती सोमवारी दुपारी उडते, आणि मग फोन येतो, "दादा, मार्चचं फोल्डर दिसत नाहीये."

तीनेक वर्षांपूर्वी असाच एका प्रेस शॉपमधून अकाउंटच्या ताईंचा फोन आला, मी घाईघाईत रात्रीच्या ११ च्या बॅकअपवरून अख्खी व्हीएम (म्हणजे व्हर्च्युअल मशीन, सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं कॉम्प्युटर) जुन्या व्हीएमवरच रिस्टोअर केली, सगळा डेटा पुसला जाईल अशी वॉर्निंग आली होती तीही न वाचता येस दाबून मोकळा झालो. मार्चचं फोल्डर आलं. सकाळपासून ताईंनी टॅलीत भरलेली ४३ बिलं मात्र गेली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तारेला टोचलेला बिलांचा गठ्ठा काढला आणि पहिल्यापासून भरायला बसल्या. मी चहा आणून दिला, दुसरं काय करणार.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न एकच: गेलंय काय नेमकं? मशीन चालू होतंय आणि फक्त फाइल गेलीये, तर मशीनला हात लावायचा नाही. आणि दुसरं, मशीन गेलं असलं तरी जुन्यावर रिस्टोअर करायचं नाही, शेजारी नवीन उभं करायचं.

आधी फाइलचं बघू. मी व्हीएम चालवायला प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर वापरतो म्हणून त्याचंच सांगतो. बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर (त्यांचंच बॅकअप ठेवायचं वेगळं सॉफ्टवेअर) जात असेल तर काम सोपं, बॅकअपच्या यादीत तारीख निवडायची, वर 'फाइल रिस्टोअर' बटण आहे ते दाबायचं, मग डिस्क, पार्टिशन, फोल्डर असं उघडत जायचं आणि हवं ते डाउनलोड करायचं. फोल्डर घेतलं तर झिप मिळते. ती झिप थेट जुन्या जागी उघडू नका, 'तपासणी' असं वेगळं फोल्डर करून तिथे उघडा, ज्याची फाइल आहे त्यालाच बघू द्या, बरोबर निघाली की मगच जागेवर कॉपी करा. झिपमधून आलेल्या फायलींना जुन्या विंडोज परमिशन नसतात, तेवढ्या तपासून घ्या, नाहीतर पगाराची शीट सगळ्या ऑफिसला दिसायची.

बॅकअप सर्व्हर नसेल, नुसती एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवर) पडलेली व्हीएमए फाइल, म्हणजे प्रॉक्समॉक्सची अख्ख्या व्हीएमची बॅकअप फाइल असेल, तर हे बटण चालत नाही, तिथे अख्खी व्हीएम बाजूला रिस्टोअर करून त्यातून फाइल काढावी लागते. हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर) वाल्यांनी व्हीएचडीएक्सवर, म्हणजे व्हीएमच्या डिस्कच्या फाइलवर डबल क्लिक केलं की डिस्क माउंट होते, ड्राइव्हसारखी उघडते हे खरंय, पण कॉपी करून त्या कॉपीवर करा. चेकपॉइंट (मध्येच जतन करून ठेवलेली व्हीएमची स्थिती) असलेल्या मूळ डिस्कमध्ये एक बारीक बदल झाला तरी पुढची साखळी बिघडते.

आता अख्खं मशीन. डाव्या बाजूला स्टोरेज निवडा, त्यात बॅकअप्स, तिथून रिस्टोअर, इथे व्हीएम आयडी नवीन देता येतो, म्हणजे जुनी १०१ असेल तर हिला ९०१ द्या. जुन्या व्हीएमच्या बॅकअप टॅबमधून गेलात तर रिस्टोअर त्या जुन्या व्हीएमवरच बसतं, माझी चूक तीच. टार्गेट स्टोरेजवर जागा आहे ना ते बघा. 'युनिक' ला टिक केलं की नेटवर्क कार्डाला नवीन ओळख नंबर, म्हणजे नवीन मॅक अ‍ॅड्रेस मिळतो, दोन्ही मशीन काही दिवस राहणार असतील तर टिक करा, जुनं मेलंच असेल तर नका करू. उबंटू लिनक्समध्ये नेटप्लॅनच्या (नेटवर्क सेटिंगच्या) फाइलीत जुना मॅक लिहिलेला असला तर टिक केल्यावर नेटवर्क येतच नाही आणि आपण तासभर केबल शोधत बसतो.

'स्टार्ट आफ्टर रिस्टोअर' ला टिक नको. कारण सुरू करायच्या आधी हार्डवेअरमध्ये जाऊन नेटवर्क डिव्हाइसला 'डिस्कनेक्ट' करायचंय. नाही केलं तर एकाच आयपीची, म्हणजे एकाच नेटवर्क पत्त्याची दोन मशीन नेटवर्कवर येतात आणि ताई नक्की कुठल्या टॅलीत एंट्री करतायत हे कुणालाच कळत नाही.

वेळ किती लागेल हे आधीच सांगून ठेवा. १ गिगाबिटच्या केबलवरून सेकंदाला साधारण ११० एमबी येतात, म्हणजे ५०० जीबीला सव्वा तास, तेही पलीकडची डिस्क तेवढी पळाली तर. मालकांना मी दोन तास सांगतो.

सुरू झाल्यावर विंडोज कदाचित म्हणेल की मशीन नीट बंद झालं नव्हतं, घाबरू नका, चालू मशीनचा बॅकअप होता ना, ते तसंच म्हणणार. आत गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत बसवलेला, प्रॉक्समॉक्सशी बोलणारा छोटा प्रोग्राम) चालू असेल तर बॅकअप घेताना फाइल सिस्टिम क्षणभर थांबवली जाते, त्याने डेटाबेस बरा निघतो, नसेल तर आजच टाकून घ्या. आणि लॉगिन स्क्रीन आली म्हणजे काम झालं असं समजू नका. टॅली उघडा, शेवटच्या व्हाउचरची तारीख बघा, कालचा बँक बॅलन्स जुळवा, हे शक्यतो ताईंनाच करायला सांगा, त्यांना आकडा बघताक्षणी कळतं.

जुळलं की जुनं मशीन बंद करा, नव्याचं 'डिस्कनेक्ट' काढा. जुन्याचा 'स्टार्ट ॲट बूट' पण नो करा, नाहीतर पुढच्या गुरुवारी लाइट जाऊन आली की दोघं एकदम उठतील. आणि डिलीट लगेच करू नका, आठेक दिवस तसंच पडू द्या, कारण चौथ्या दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, डेस्कटॉपवर माझी एक एक्सेल होती..."